सल्ला: गावच्या ग्रुपवरचा 'टोळी'चा मेसेज आणि ॲडमिन असलेली सून

पत्र (संक्षेपाने): "मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि हेच माझे सासर. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप लॉकडाऊनच्या काळात सुरू झाला. सरपंचांचा पुतण्या आणि मी असे दोघे त्याचे ॲडमिन आहोत. मध्यंतरी माझ्या मामंजींनी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आणि एका जोडप्याचा फोटो टाकला. आपल्या भागात मुले पळवणारी टोळी फिरते आहे, काल रात्री शेजारच्या गावातून दोन मुले उचलली, पोलिसांनी सावध राहायला सांगितले आहे, असा त्याचा आशय होता. मामंजी निवृत्त तलाठी आहेत, गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी मुले आलीच नाहीत. पोरांनी रात्रीची गस्त सुरू केली. तिसऱ्या दिवशी सुया-बिब्बे विकायला आलेल्या दोन बायकांना एसटीच्या थांब्यावर अडवून त्यांच्या झोळ्या उलट्या केल्या. पोलीस पाटलांनी येऊन त्यांना सोडवले. त्याचा व्हिडिओ 'संशयित' असे लिहून ग्रुपवर टाकला आहे आणि तो अजून तिथे आहे. मी मामंजींचा मेसेज काढून टाकावा का? त्यांना कसे सांगावे? उद्या काही बरेवाईट झाले, तर ॲडमिन म्हणून माझ्यावर येईल का? यजमान म्हणतात, तू आपले शाळेपुरते बघ, यात पडू नकोस."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे सारे प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या आधी एक काम आहे आणि ते आजच्या आज व्हायला हवे. त्या दोन बायकांचा व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाका. ॲडमिनला कोणत्याही सभासदाचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो, त्यासाठी तो टाकणाऱ्याची संमती लागत नाही. काढण्यापूर्वी तो कोणी आणि कधी टाकला हे दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. मूळ मेसेजपेक्षा हा व्हिडिओ मला अधिक घातक वाटतो. मेसेजमधले जोडपे कुठले, कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. या व्हिडिओत मात्र ओळखता येतील असे दोन चेहरे आहेत, भोवती घोळका आहे आणि खाली 'संशयित' असा शिक्का आहे. पोलीस पाटील आले, त्यांनी चौकशी केली आणि काहीही निघाले नाही, हा भाग चित्रित करण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. त्यामुळे हे चित्रीकरण चार गावे ओलांडून गेले, की तिथल्या लोकांच्या लेखी तो टोळी पकडल्याचा पुरावा ठरणार, आणि त्या बायका तर पोटासाठी त्याच चार गावांत फिरणार आहेत.

यजमानांना हा प्रसंग किरकोळ वाटत असेल, तर त्यांना राईनपाड्याची आठवण करून द्या. 1 जुलै 2018 रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी वस्तीच्या गावी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तेथे पोहोचले. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे तुमच्या शेजारच्याच मुलखातले होते. मुले पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते आणि बाजाराच्या गर्दीत संशयाची एक ठिणगी पुरली. त्या पाचही जणांना मारत, ओढत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथे ते ठार होईपर्यंत मारहाण चालू राहिली. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले, त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूल होते. तेथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, पोलीस आले आणि ते वाचले. दोन्ही ठिकाणी भीती एकच होती, मेसेजही त्याच तऱ्हेचे होते. एका ठिकाणी वेळेवर मध्ये पडणारा माणूस निघाला, दुसऱ्या ठिकाणी निघाला नाही. तुमच्या एसटी थांब्यावर पोलीस पाटील वेळेवर पोहोचले, एवढ्याच कारणाने तुमचे पत्र माझ्याकडे आले आहे. अन्यथा तुमच्या गावाचे नाव मी वर्तमानपत्रात वाचले असते.

हे सारे दूरच्या खानदेशातले, असेही म्हणायची सोय नाही. सप्टेंबर 2022 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून काठ्यांनी मारण्यात आले. विजापूरकडून पंढरपूरला जाताना त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढाच त्यांचा अपराध. राईनपाड्याला चार वर्षे उलटून गेल्यावर, त्यावर इतके लिहून-बोलून झाल्यावर, पुन्हा तेच घडले.

आता मेसेजकडे येऊ. तुम्ही जो आशय दिला आहे, त्यात तारीख नाही, गावाचे नाव नाही, पोलीस ठाण्याचे नाव नाही. 'काल रात्री', 'शेजारच्या गावात', 'आपल्या भागात' एवढ्यावर भागवले आहे, आणि अशा मेसेजचे सारे सामर्थ्य याच मोघमपणात असते, कारण तो नंदुरबारला उघडला तरी टोळी नंदुरबारात असते आणि तुमच्याकडे उघडला तरी ती तुमच्या शिवारात असते. 2018 सालच्या लाटेत देशभर जो व्हिडिओ सर्वांत जास्त फिरला, त्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत होते. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीचा होता आणि खरे अपहरणही नव्हते; मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जाहिरात होती. तिच्या अखेरीस मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला सोडतात आणि पालकांनी सावध राहावे असे सांगणारा फलक दाखवतात. आपल्याकडे फिरलेल्या चित्रफितीत ही अखेर कापलेली होती. कोणी कापली ते कोणालाच ठाऊक नाही, पण ती कात्री चालवणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पुरेपूर कळत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढे ढकलणाऱ्यांचे मात्र तसे नसते, आणि तुमच्या घरातला पेच इथेच आहे. असे मेसेज पुढे पाठवणारी माणसे दुष्ट नसतात, बहुधा मूर्खही नसतात. ज्यांच्या घरात नातवंडे आहेत, ज्यांना गावाची काळजी आहे आणि ज्यांना आपण सांगितले नाही तर आपली चूक होईल असे वाटते, तेच हे मेसेज सर्वांत आधी पाठवतात. व्हॉट्सॲपने 2018 च्या जुलैत भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली, फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या; 2020 च्या एप्रिलपासून अनेकदा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. या उपायांनी वेग कमी झाला हे खरे आहे. पण तुमच्या मामंजींनी ज्या ठिकाणी तो पाठवला, ते एकच ठिकाण म्हणजे तुमचे अख्खे गाव होते. मेसेजवर दोन बाणांची खूण असेलही, तरी गावाने ती पाहिली नसणार. तात्यांनी की अण्णांनी, जे काही त्यांना गाव म्हणत असेल त्यांनी, टाकले आहे म्हणजे खरेच असणार, असे गावाने धरले.

मोबाइल नव्हता तेव्हा अफवा नव्हत्या असे नव्हे. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून साऱ्या देशात देवळांसमोर रांगा लागल्या, आणि ती बातमी घरच्या टेलिफोनवरून व दूरचित्रवाणीवरून काही तासांत पसरली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी द्रवाच्या पृष्ठताणाचा साधा नियम लोकांना करून दाखवला, आणि ज्याला शंका होती त्याला घरातल्या पितळी मूर्तीसमोर चमचा धरून तो पडताळता आला. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेची अडचण वेगळी आहे. ती पडताळायची कशी, तर कोणाला तरी पकडून. तिची शहानिशा करायला निघालेली गस्त हाच तिच्यातला सर्वांत धोकादायक भाग असतो, आणि शहानिशेसाठी सापडतो तो नेहमी परगावचा, परभाषेचा, फाटक्या कपड्यांचा, पाठीवर बिऱ्हाड घेतलेला माणूस. डवरी, वैदू, बहुरूपी, नंदीबैलवाले यांची फिरस्ती गावांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पूर्वी त्यांची येण्याची वेळ, त्यांची हाळी आणि त्यांचे मुक्कामाचे झाडही गावाला माहीत असे. आजच्या विशीतल्या पोरांना त्यातले काहीच माहीत नाही. त्यांच्या दृष्टीने अनोळखी माणूस म्हणजे संशयित माणूस. याचा उपयोग पुढे होणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

बातम्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरीही लिहितो, कारण मामंजींशी बोलताना ते एखादे कात्रण पुढे करतील अशी माझी अटकळ आहे. मुलांच्या अपहरणाचे गुन्हे वाढले, अशी बातमी तुम्हाला कोणत्याही वर्षी सापडेल आणि तिच्यातला आकडा खोटाही नसेल. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानंतर अल्पवयीन मूल हरवले, की ते पळवले गेले असावे असे गृहीत धरून गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. हा नियम चांगला आहे, त्यामुळे तपास लगेच सुरू होतो. पण परीक्षेच्या धास्तीने मुंबईला निघून गेलेला मुलगा, घरच्यांशी भांडून मावशीकडे गेलेली मुलगी आणि सतरा वर्षांची असताना प्रेमात पडून घर सोडलेली तरुणी, या सर्वांची नोंद त्याच रकान्यात होते. त्यांतली कितीतरी मुले पुढे घरी परत येतात, राज्य पोलिसांच्या 'ऑपरेशन मुस्कान'सारख्या मोहिमांतूनही सापडतात. मुलांची विक्री आणि तस्करी होतच नाही असे कोणी म्हणू नये; ती होते, आणि तिच्यात ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांचा हात अनेकदा असतो. झोळी घेऊन दिवसाढवळ्या गल्लीत हाळी देत फिरणारी टोळी हे तिचे रूप नव्हे. एवढे स्पष्टीकरण बातमीत दोन ओळींत देता येते. ते न देता 'जिल्ह्यात टोळी सक्रिय?' असे प्रश्नचिन्ह लावून मथळा द्यायचा आणि दोन दिवसांनी पोलिसांचा खुलासा आतल्या पानावर चौकटीत टाकायचा, ही रीत मला बेजबाबदार वाटते. स्थानिक यूट्यूब वाहिन्यांचे तर बोलायलाच नको. त्यांच्याकडे खुलाशाची चौकटसुद्धा नसते.

आणि प्रसंग घडून गेल्यावरही हा फेरा थांबत नाही. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे 16 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. चोर आणि मुले पळवणारे रात्री फिरत आहेत अशा अफवांमुळे त्या भागात गावकऱ्यांचा रात्रीचा पहारा चालू होता. हत्येची चित्रफीत पसरताच तिला धार्मिक रंग देण्यात आला. चित्रफितीत कोणी तरी 'ओय बस' असे ओरडते, त्याचे एक मुसलमानी नाव करून ते ऐकवले गेले आणि दूरचित्रवाणीवर त्यावरून रणे माजली. अखेर तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगावे लागले. एका अफवेने तीन जीव घेतले आणि त्यांच्या मृत्यूवर दुसरी अफवा उभी राहिली. पहाऱ्याची काठी कोणी दिली, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

आता तुमच्या मामंजींकडे वळू, कारण तुमच्या पत्राचा गाभा तोच आहे. मेसेज नुसता काढून टाकू नका, निदान त्यांच्याशी बोलण्याआधी तरी नको. चारशे लोकांनी तो ऐकला आहे. तो गुपचूप नाहीसा झाला तर सुनेने सासऱ्याचा शब्द पुसला ही एक नवीच चर्चा गावात सुरू होईल, आणि काही तरी दडवले जात आहे असे ज्यांना वाटायचे त्यांना आणखी वाटेल. त्या मेसेजला वजन मिळाले ते त्यांच्या नावामुळे. तेव्हा तो मागे घेतला जायचा तर त्यांच्याच नावाने घेतला गेला पाहिजे. तुम्ही टाकलेला खुलासा कितीही बिनचूक असला, त्याला तुम्ही फॅक्ट क्रेसेंडो किंवा बूम या अफवांची शहानिशा करणाऱ्या संकेतस्थळांच्या पडताळणीची जोड दिली, तरी गावाच्या लेखी तो 'बाईंचा खुलासा' राहील.

बोलायचे ते घरात, चारचौघांत नव्हे, ग्रुपवर तर मुळीच नव्हे. शक्य असेल तर सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. त्यांनी विषय काढला तर अर्धे काम होईल. 'मामंजी, तुम्ही खोटा मेसेज टाकला' अशी सुरुवात झाली, की ते मेसेजची बाजू लढवायला बसतील, कारण मग प्रश्न मेसेजचा न राहता त्यांच्या अब्रूचा होईल. त्याऐवजी 2020 च्या फेब्रुवारी-मार्चचा विषय काढा. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो असे मेसेज तेव्हा फिरले. पशुसंवर्धन खाते तसे काही नाही म्हणून सांगत राहिले, तरी पक्ष्यांचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला आणि राज्यात अनेकांनी जिवंत पिल्ले खड्ड्यात पुरली. तुमच्या पंचक्रोशीत पोल्ट्रीची शेड असलेला, कर्ज काढून बसलेला एखादा शेतकरी मामंजींच्या ओळखीचा नक्की असेल. ते मेसेजही काळजीपोटीच पाठवले गेले होते आणि त्यांचा मार आपल्याच माणसांना बसला, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून सांगता येईल. अफवेचा भुर्दंड ज्याने एकदा सोसला आहे त्याला दुसऱ्याची बाजू लवकर दिसते, असा माझा भरवसा आहे. निदान ज्या घरांत वाद विकोपाला गेलेले मी ऐकतो, त्यांत सुरुवात बहुधा 'तुम्हाला काही कळत नाही' या वाक्याने झालेली असते.

मग त्यांना काम द्या. निवृत्त तलाठ्याला काम देणे कठीण नसते. त्यांनी संबंधित पोलीस ठाण्यात स्वतः फोन करून विचारावे, की शेजारच्या कोणत्या गावातून कोणती दोन मुले गेली आणि त्याची नोंद आहे का. आयुष्यभर सात-बाराच्या नोंदी तपासलेल्या माणसाला नोंद नसलेली गोष्ट मान्य करायला लावणे अवघड आहे, हा त्यांचा स्वभाव तुमच्या बाजूने आहे. ठाण्याचे उत्तर आले, की ते कोणी दिले, कोणत्या दिवशी दिले, हे सांगून त्यांनी त्यांच्या आवाजात ग्रुपवर टाकावे, कारण आधीचा निरोपही आवाजातच होता आणि ज्यांना वाचणे जमत नाही त्यांच्यापर्यंत लेखी खुलासा पोहोचत नाही. माफी मागण्याचा आग्रह धरू नका. 'मी चौकशी केली, असे काही घडलेले नाही, कोणी कोणाला अडवू नये', एवढी तीन वाक्ये पुरेत. त्यानंतर जुना मेसेज त्यांनाच काढायला सांगा. वेळ उलटून गेल्यामुळे त्यांना तो सर्वांसाठी काढता येत नसेल, तर त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही काढा आणि तसे लिहा.

त्यांच्याकडे आणखी एक ठेवा आहे. गावात कोणत्या महिन्यात कोण येते, डवरी कोणते, वैदू कोणते, सुगीला कोण आणि आषाढीच्या आगेमागे कोण, हे त्यांच्या पिढीला तोंडपाठ असते. तुम्ही शिक्षिका आहात. त्यांना एका शनिवारी शाळेत बोलवा आणि मुलांना हे सांगायला लावा. मुले घरी जाऊन मोठ्या भावांना सांगतील. गस्त घालणारी पोरे तेच मोठे भाऊ आहेत. शाळेत मुले परत यावीत यासाठीही हाच मार्ग मला बरा दिसतो, कारण पालकसभेत 'घाबरू नका' असे सांगितल्याने कोणाचीच भीती जात नाही.

ॲडमिन म्हणून तुमच्यावर काय येईल, याचे उत्तर त्यामानाने सरळ आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसला पाहिजे. मजकूर पुढे पाठवणाऱ्याचे तसे नाही. लोकांत घबराट पसरून शांततेचा भंग होईल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माहिती खरी मानायला सबळ कारण होते आणि हेतू प्रामाणिक होता, असे दाखवता आले तर त्यातून सूट मिळते, त्यामुळे मामंजींना कलमाचा धाक घालू नका. पण चौकशीनंतरही तोच मेसेज फिरवणाऱ्यांना ही सूट सांगता येणार नाही, हे सरपंचांच्या पुतण्याला आवर्जून ऐकवा. त्याला हेही सांगा, की वाट अडवणे आणि झडती घेणे याचा गावकऱ्यांना काहीही अधिकार नाही, तो स्वतंत्र गुन्हा आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून कोणाचा जीव घेतला, तर नव्या संहितेच्या कलम 103 खाली त्यांतल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे, मग पहिला दगड कोणी मारला हे पाहिले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018 च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात अशा प्रकारांसाठी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी नेमण्यास सांगितले आहे, तेव्हा गस्तीविषयी लेखी कळवायचे झाले तर ते अधीक्षक कार्यालयाला कळवा. गावाला गस्त हवीच असेल, तर ती पोलीस ठाण्याच्या माहितीने, ग्रामसुरक्षा दल म्हणून आणि पोलीस पाटलांच्या देखरेखीखाली असावी. पोलीस पाटील हे 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेले अधिकारी आहेत, गावाने हौसेने दिलेले पद नव्हे.

ग्रुपवर केवळ ॲडमिनच लिहू शकतील अशी सोय करावी का, हे तुमच्या मनात असेल. काही दिवस करायला हरकत नाही, कायमची करू नका. लोक दुसरा ग्रुप काढतील आणि त्यात तुम्ही नसाल.

राहिला यजमानांचा प्रश्न. शाळेत निम्मी मुले आली नाहीत त्याच दिवशी हे प्रकरण शाळेचे झाले, तेव्हा 'शाळेपुरते बघ' या सल्ल्यानेही तुम्हाला यात पडावेच लागते. पण त्यांच्या काळजीत तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. 28 जून 2018 रोजी त्रिपुरात सरकारने ध्वनिक्षेपकावरून अफवांवर विश्वास ठेवू नका असे सांगत फिरण्यासाठी नेमलेल्या माणसालाच जमावाने मुले पळवणारा ठरवून ठार केले. म्हणून घोळका जमल्यानंतर त्यात एकटीने शिरून समजूत घालण्याचा प्रयत्न तुम्ही करू नये. ते काम गणवेशातल्या माणसाचे आहे, आणि तो येईपर्यंत अडवलेल्या माणसाला शाळेच्या किंवा जवळच्या घराच्या दाराआड घेता आले तर घ्यावे, बरोबर गावातली दोन वडीलधारी माणसे असतील तरच. तुमचा पहिला फोन 112 वर, दुसरा पोलीस पाटलांना, तिसरा सरपंचांना. मुलाविषयी खरोखरच काही शंका असेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. हे सर्व क्रमांक ग्रुपच्या नावाखाली माहिती लिहिण्याची जागा असते तेथे आज रात्रीच टाका, आणि पोलीस पाटलांचा नंबर टाकण्यापूर्वी तो चालू आहे ना, हे एकदा फोन लावून पाहा.